पाटीवरचं 1833

धुळ्यातल्या एका जुन्या परमिट रूमच्या पाटीवर ‘स्थापना 1833’ असं रंगवलेलं होतं. शेठना नूतनीकरणासाठी कर्ज हवं होतं आणि बँकेला तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मिळकतीच्या मागच्या नोंदी तपासल्याचा अहवाल. ते काम नेहमीचंच. पण शेठना दर्शनी भिंतीवर घराण्याचा इतिहासही लावायचा होता: पाच पिढ्या, एकच गल्ला. “वकीलसाहेब, तेवढं पण काढून द्या ना,” म्हणाले. तीस वर्षांचं काम सरळ निघालं. त्या पाटीनं मात्र सबंध दिवस खाल्ला.

पुरावा म्हणून तिजोरीतून एक मोडी कागद निघाला. शेवटच्या ओळीत 1833 ठळक. पण कागद स्टँपचा होता, आणि कोपऱ्यात मुकुट घातलेला राजा. 1833 मध्ये खानदेशावर कंपनी सरकार. राणीचा थेट अंमल 1858 चा, मुकुटातला राजा त्याच्याही नंतरचा. तिथेच शंका आली. मोडीत शब्द तोडत नाहीत, लेखणीही फारशी उचलत नाहीत. त्यामुळे आकडा उठून दिसतो आणि त्याच्या आधीचा शब्द ओळीत बुडून जातो. इथे बुडालेला शब्द होता ‘शके’. शके 1833 मध्ये 78 मिळवले की 1911. महिना आषाढ, म्हणून 78. पौषात इंग्रजी साल उलटल्यावरची तिथी असती तर 79 धरावे लागले असते. एवढ्यावर मी तारीख पक्की धरत नाही. सुदैवाने वरच्या ओळीत फसली या महसुली सनाचं 1321 होतं. दख्खनी फसली मृगाला सुरू होते आणि त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत 590 मिळवायचे. पुन्हा 1911 च. दोन वेगळ्या सनांनी एकच साल दिलं, तेव्हा बारचं वय 78 वर्षांनी उतरलं.

शेठचा चेहरा पडला, पण खरी अडचण पुढच्या ओळींत होती. तो कागद दारूचा परवाना नव्हताच, साधी भाडेचिठ्ठी होती. देणारे शेठचे पूर्वज. घेणारा एक कलाल, म्हणजे दारूविक्रेता. जागा म्हणजे धाब्याचं घर, पुढे ओटा, मागे मोकळं अंगण. कारण ‘सरकारी दुकान चालविणे’, आणि मुदत मक्ता असेपर्यंत. म्हणजे 1911 मध्ये दारू विकत होता भाडेकरू; या घराण्याला फक्त भाडं मिळत होतं.

दारूच्या अड्ड्याला आपण सहज गुत्ता म्हणतो. गुत्ता म्हणजे मुळात मक्ताच. मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्याखाली दारू गाळणं आणि विकणं सरकारच्या परवानगीशिवाय चालत नसे. विक्रीचा हक्क मुदतीपुरता, पैसे भरणाऱ्याला. मोहाची फुलं सातपुड्यात मुबलक, पण ती वेचणाऱ्या भिल्ल-पावऱ्याने घरी भट्टी लावली तर गुन्हा. मक्ता संपला की दुकानदार बदलायचा, दुकान त्याच ओट्यावर राहायचं किंवा पलीकडच्या गल्लीत जायचं. म्हणून त्या काळातल्या ‘आमच्या खापरपणजोबांचा बार’ या वाक्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही. घर वारशाने येतं, मक्ता येत नाही.

दुपारी घरपट्टीची जुनी रजिस्टरं उघडली. इथे नवखा माणूस घर क्रमांक धरून मागे जातो आणि दोन-तीन आकारण्यांत भलत्याच घरात पोचतो, कारण फेरआकारणीत क्रमांक बदलतात. धरायच्या त्या चतुःसीमा. धुळ्यात हे त्यातल्या त्यात सोपं: कॅप्टन ब्रिग्जने 1819 नंतर नवी पेठ आखली ती सरळ गल्ल्यांची, त्यामुळे पूर्वेला गल्ली, पश्चिमेला सामाईक भिंत, हे वर्णन शंभर वर्षं तसंच मिळतं. भूमापन कचेरीत प्रॉपर्टी कार्डावर न थांबता त्यामागची चौकशी नोंदवही मागवायची; धारक कोण ठरला आणि कशावरून, ते तिथे असतं. दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाकडे ‘सूची दोन’ मिळकतीवरून लागते, ‘सूची एक’ नावावरून. दोन्ही पाहायच्या. आणि भाडेकरू तिथे सापडला नाही तर तो नव्हताच असं समजायचं नाही: 1908 च्या नोंदणी कायद्यात एका वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती, म्हणून तर अकरा महिन्यांची चाल पडली. जुने दुकानदार नेमके या फटीतून निसटतात. जिल्हा लिहितानाही जपावं लागतं. 1906 च्या आधीचा कागद ‘खानदेश’, नंतरचा ‘पश्चिम खानदेश’.

रजिस्टरात वापराच्या रकान्यात ‘दारू दुकान’ नियमित येत होतं. 1950 नंतर ते बंद. मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण 6 एप्रिल 1950 पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली होती. त्या तारखेच्या आधीपासून अखंड चालत आलेला बार धुळ्यातच काय, जळगावातही दाखवता येणार नाही. कोणी दाखवला तर तो एक तर तेव्हा बेकायदा चालत होता किंवा गोष्ट रचलेली आहे. नवल होतं त्या जागी लिहिलेल्या शब्दाचं: ‘सोडावॉटर’.

शेठना ठाऊक नव्हतं. शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या आबांना विचारलं तर ते हसले. “आठे तं गोटी सोडाना कारखाना व्हता, भाऊ.” मागच्या अंगणात जमिनीत पुरलेला दगडी हौद सगळ्यांनी दारूचा म्हणून जपला होता. तो बाटल्या धुण्याचा निघाला. अख्ख्या तपासात मला सगळ्यात आवडलेली वस्तू हीच, आणि भिंतीवरच्या इतिहासात ती कोणालाच नको होती.

परवान्याची फाईल सुरू होते ती त्यानंतर, बंदी सैल झाल्यावर. एफएल-3, म्हणजे परमिट रूमचा परवाना, शेठच्या वडिलांच्या नावे. परमिट रूम हे नावही दारूबंदीच्याच कायद्यातलं: पिणाऱ्याकडे परमिट असेल तर त्याला बसून प्यायची मुभा असलेली खोली. इमारत मात्र चार भावांच्या सामाईक नावावर. बँकेच्या दृष्टीने खरी मेख ही होती. परवाना माणसाच्या नावे, तो एकाच जागेपुरता, आणि दर वर्षी 31 मार्चला संपणारा. तारण राहते ती इमारत, आणि तिच्यात बाकीच्या तीन भावांच्या वारसांचा हिस्सा. धंदा चालवतो म्हणून घर माझं, ही समजूत खानदेशात पुष्कळ घरांत आहे. मी अहवालात सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या मागितल्या. परवान्यावर नाव चढताना उत्पादन शुल्क खात्याने वारसांची संमती घेतली होती, पण ती फक्त परवान्यापुरती. तिच्यावर इमारत गहाण ठेवता येत नाही.

सह्या जमायला दोन महिने लागले. एक पुतण्या सुरतेला होता, तो शेवटी आला. भिंतीवरच्या पाच पिढ्या दोनवर आल्या.

पुढे एकदा त्या गल्लीतून गेलो तेव्हा पाटी नव्याने रंगवलेली होती. आकडा तोच. फक्त ‘स्थापना’ आणि ‘1833’ यांच्या मध्ये, जेमतेम वाचता येईल इतक्या बारीक अक्षरांत, ‘शके’.