पहाटेची आखडलेली कंबर आणि किल्ल्याचा रस्ता

माझ्या आजाराचं नाव अँकिलॉझिंग स्पाँडिलायटिस. संधिवाताच्याच कुळातला, पण हा मुख्यतः मणक्यात आणि कमरेच्या खाली दोन्ही बाजूंना असलेल्या सांध्यांत घर करतो. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते आणि तिथे सूज धरते. ती सूज वर्षानुवर्षं तशीच राहिली तर मणके एकमेकांना हाडाने जोडले जाऊ शकतात आणि पाठ कायमची ताठ होते. मुळापासून जात नाही, आटोक्यात मात्र ठेवता येतो. मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते आणि गेली बरीच वर्षं हे दुखणं घेऊन जगते आहे. चालण्याने आणि ध्यानाने मला काय दिलं, असं ओळखीचे लोक विचारत असतात, म्हणून आज सविस्तर लिहिते.

निदानालाच फार उशीर झाला. थोरल्या मुलीच्या वेळी कंबर धरली, तेव्हा सगळ्यांनी तो दोष बाळंतपणावर टाकला. "अंग जपलं नाहीस," असं नात्यातल्या बायका म्हणायच्या. एका डॉक्टरांनी गादी बदलायला सांगितली, दुसऱ्यांनी पट्टा बांधून झोपून राहायला. एक्स-रेत काहीच दिसत नव्हतं. या आजारात हाडांमधले बदल एक्स-रेत उमटायला अनेक वर्षं जाऊ शकतात, आतली सूज एमआरआयमध्ये आधी दिसते, हे मला पुढे कळलं. त्यातून हा पुरुषांचा आजार असा जुना समज, त्यामुळे बायकांचं निदान आणखी रेंगाळतं. त्या वाया गेलेल्या वर्षांचा राग मला आजही येतो.

कारण झोपून राहण्याचा सल्ला नेमका उलटा होता. रात्री दोन-तीनच्या सुमाराला दुखण्याने जाग यायची. कूस बदलायची तर आधी गुडघे दुमडायचे, मग पलंगाची कड धरायची आणि श्वास रोखून सगळं अंग एकदम वळवायचं. सकाळी तासभर पाठ फळीसारखी. पण शाळेत दोन तास उभं राहून शिकवलं, वर्गातून फेऱ्या मारल्या, की अंग मोकळं व्हायचं. रविवारी सासूबाई मायेने म्हणायच्या, "आज तरी पडून राहा गं," आणि मी पडून राहिले की सोमवारी हमखास जास्त दुखायचं.

पुण्यातल्या र्‍हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञ असलेल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "आराम केला की कमी होतं की वाढतं?" इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मला तिथेच रडू फुटलं. मग त्यांनी साधी शिंप्याची असते तसली टेप काढली. कमरेवर पेनाने दहा सेंटीमीटर अंतरावर दोन खुणा केल्या आणि पुढे वाकायला सांगितलं. लवचिक पाठीत वाकल्यावर ते अंतर पंधराच्या आसपास जातं. माझं जेमतेम बारा. मग छातीभोवती टेप धरून खोल श्वास घ्यायला लावला. बरगड्यांचे सांधेही आखडतात, त्यामुळे छाती पुरेशी फुगत नाही. शेवटी भिंतीला टाचा लावून उभं केलं आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का ते पाहिलं. ती टेकली. "हे टिकवायचं," त्या म्हणाल्या. तेव्हापासून रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारामागच्या भिंतीला मी तशी उभी राहते.

औषधं सुरू झाली. आधी सूज उतरवणाऱ्या गोळ्या, पुढे इंजेक्शनं. ती इंजेक्शनं सुरू करण्याआधी अंगात क्षयाचा छुपा संसर्ग नाही ना, हे तपासून घ्यावं लागतं, कारण त्यांनी प्रतिकारशक्ती थोडी दबते. औषधांइतक्याच ठामपणे मॅडमनी रोजचा व्यायाम लिहून दिला. मी चालणं निवडलं, कारण साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ला दारात आहे. गावापासून साधारण ३०० मीटर उंच, आणि डांबरी रस्ता थेट वरपर्यंत. पहाटे त्या रस्त्यावर अर्धं गाव भेटतं.

सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं कठीण असतात, अजूनही. पाऊल टाकलं की कमरेत कळ उठते, मान वळत नाही, मागून गाडी आली तर सगळं अंग वळवून बघावं लागतं. मग हळूहळू आत काहीतरी सैल होत जातं. आधी मांडीचा वरचा भाग, मग कंबर, शेवटी मान. पहिलं मोठं वळण मागे पडेपर्यंत खांदे खाली आलेले असतात. चढावर श्वास मोठा होतो, तो मी मुद्दाम बरगड्यांपर्यंत भरून घेते. उतरताना मात्र टाचेचा दणका थेट माकडहाडात जातो, म्हणून छोटी पावलं आणि जाड तळव्याचे बूट. वर मंगळाई देवीच्या देवळाकडे गेलं की उगवतीला जरंडा दिसतो. मावळतीला यवतेश्वर, आणि हवा स्वच्छ असली तर सज्जनगडही. भूगोलाच्या बाईला एवढं पुरतं.

चिकाटी म्हणजे रोज वरपर्यंत जाणं, असं मी मानत नाही. आजार अधूनमधून उसळतो. त्या दिवसांत किल्ला नाहीच. तेव्हा मी एकच नियम पाळते, अंतर सोडायचं पण वेळ सोडायची नाही. ठरलेल्या वेळी बूट घालून दाराबाहेर पडायचं. कधी समर्थ मंदिरापर्यंत, कधी नुसतं गल्लीच्या टोकापर्यंत. एसटीतून निवृत्त झालेले एक काका रोज भेटतात, ते लांबूनच ओळखतात. "मॅडम, आज पायथ्यालाच?" एवढं विचारतात आणि माझ्या चालीने दोन मिनिटं चालून पुढे जातात. जुलैत साताऱ्याचा पाऊस लागला की शाळेच्या व्हरांड्यात फेऱ्या.

ध्यानाकडे वळले ती रात्रीच्या दुखण्यामुळे. इगतपुरीला धम्मगिरीला दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर केलं. अर्जात आजार आणि औषधं लिहावी लागतात. मी ती लिहिली, गोळ्या सोबत नेल्या आणि वेळच्या वेळी घेतल्या. जमिनीवर बसणं जमणार नव्हतं, म्हणून मागच्या रांगेत खुर्ची मिळाली. पहाटे चारची घंटा, दहाव्या दिवसापर्यंत मौन, पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांपाशी श्वास पाहायचा. या शिबिरांचे गुरू सत्यनारायण गोयंका स्वतः जीवघेण्या अर्धशिशीने हैराण होऊन १९५५ साली ब्रह्मदेशात विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. केवळ डोकेदुखी घालवायला आला असशील तर येऊ नकोस, असं त्यांना आधी सांगण्यात आलं. हे ऐकून मी जरा सावरून बसले, कारण मीही दुखणं घालवायलाच आले होते.

चौथ्या दिवसानंतर तासभर न हलता बसायचं असतं, त्याला अधिष्ठान म्हणतात. मला डावीकडे खाली ठणका लागला. नुसता बघत राहिले तेव्हा तो एकसंध नाही हे लक्षात आलं. मध्ये उष्णता, कडेला बारीक फडफड, त्यातून मांडीकडे जाणारी एक ओढ. दर थोड्या वेळाने कड सरकत होती. आणि या सगळ्याच्या वर माझ्या मनाने रचलेला ढीग होता. उद्या उठता येईल का, पन्नाशीत पाठ वाकेल का, मुलीला हे गेलं असेल का. ठणका राहिला, तो ढीग मात्र बसल्या जागी उतरला. आता रात्री जाग आली की मी घड्याळ बघत नाही. उताणी पडून श्वास बघते. कधी झोप लागते, कधी नाही लागत, पण पूर्वीसारखा तो अंधार अंगावर येत नाही.

ध्यानाने सूज उतरत नाही, हेही स्पष्ट सांगते. एका हिवाळ्यात उजवा डोळा लालभडक झाला, दुखायला लागला, खिडकीतला उजेडही सोसेना. या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते आणि उशीर केला तर नजरेला धोका असतो. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, थेंब सुरू झाले, नजर वाचली. इंजेक्शन सोडून नुसतं चालून भागेल का, असं मला पुष्कळजण विचारतात. माझं उत्तर ठाम नाही असंच आहे. औषधाने सूज दबली म्हणून मी किल्ला चढू शकते.

मागच्या वर्षी भाऊबीजेला भाचा आला होता. वय तेवीस, हिंजवडीत नोकरी. जेवताना म्हणाला, "आत्या, रात्री कंबर दुखून जाग येते, खुर्चीमुळे असेल." मी विचारलं, "उठून फिरलास की बरं वाटतं?" "हो, म्हणून तर ऑफिसला गेलो की ठीक असतो." महिनाभरात त्याला मॅडमकडे नेलं. एक्स-रे चांगला होता, एमआरआयमध्ये सूज होती. या आजाराशी जोडलेल्या एचएलए-बी२७ या जनुकाची चाचणीही पॉझिटिव्ह आली. ती पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, पण घरात रुग्ण असला आणि अशी लक्षणं असली तर ती मोलाची ठरते. त्याला चालण्यापेक्षा पोहणं आवडतं, तेही या पाठीला उत्तम. वाकल्यावर त्याच्या दोन खुणांमधलं अंतर अजून पंधराच्या वर जातं. पुढच्या महिन्यात त्याची पुन्हा तपासणी आहे, आणि त्याच दिवशी मी माझीही वेळ घेतली आहे.