दिवाळी अंकांची सूची, चौथा महिना: ९१ झाले, आणि 'ऱ्य' सापडला

बाबांकडचे दिवाळी अंक एकूण १४६, सगळ्यात जुना १९६८ चा. प्रत्येकाची अनुक्रमणिका टाईप होऊन एका फाईलमध्ये यावी आणि त्यात शोधता यावं, एवढंच काम. 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला १९०९ ला, तेव्हापासूनचे असे किती गठ्ठे घराघरांत माळ्यावर पडून असतील, म्हणून हे काम मला फार मोलाचं वाटतं.

पहिले दोन महिने सगळं एकाच मोठ्या ॲपमध्ये करत होते, फोटो सरळ करणं, ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणं), टॅग, शोध, सगळं त्यातच. १९ अंक झाले फक्त. कारण एखादं नाव चुकीचं आलं तर ते फोटोमुळे चुकलं की ओसीआरमुळे की ॲपने साठवताना काही केलं, कळायला मार्गच नाही. मग ते सोडलं आणि एकेक काम करणारी छोटी टूल्स घेतली, तर पुढच्या दोन महिन्यांत ७२ झाले.

आता असं चालतं: फोनवर फोटो, इमेजमॅजिक या फोटो बदलणाऱ्या टूलने तो काळापांढरा आणि सरळ, मग टेसरॅक्ट हे ओसीआरचं टूल, मराठी डेटा लावून. टेसरॅक्टचं नेहमीचं सेटिंग अनुक्रमणिकेला चालत नाही बरं का, ते पान उभं तोडतं आणि पानांचे आकडे सगळे शेवटी वेगळेच येतात. पीएसएम (पान कसं तोडायचं ते सांगणारं सेटिंग) ६ द्या, म्हणजे अख्खं पान एकच ठोकळा धरलं जातं आणि कथा, लेखक, पान एका ओळीत राहतात. मधल्या टिंबांच्या रांगेचा कचरा येतो तो सेडने (मजकुरात शोधून बदलणारी कमांड) एका ओळीत जातो.

आकडे इंग्रजीत करायला मी आधी टीआर (एका अक्षराच्या जागी दुसरं घालणारी कमांड) वापरलं आणि सगळा विचका झाला. लिनक्सवरचं टीआर एकेक बाईट बघतं, आणि आपलं प्रत्येक अक्षर युटीएफ-८ मध्ये (युनिकोडची अक्षरं साठवायची पद्धत) तीन बाईटचं, त्यामुळे अक्षरं फुटतात. सेडची वाय ही आज्ञा घ्या, ती अक्षर म्हणून बघते. हे पाच मिनिटांत सापडलं कारण प्रत्येक पायरीनंतर एक साधी टेक्स्ट फाईल पडते, आधीची चांगली आणि नंतरची फुटलेली, म्हणजे चूक मधल्या टूलची. १९६४ मध्ये बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांनी लिहून ठेवलं होतं की प्रोग्रॅम बागेच्या पाईपसारखे एकाला एक जोडता आले पाहिजेत, आणि युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पाईप, म्हणजे एका प्रोग्रॅमचं आउटपुट थेट दुसऱ्याला देणारी जोडणी, आला १९७३ ला. मला त्याची किंमत आत्ता कळली, कारण जोड सोडून मधे बघता येतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला 'ऱ्य' ने. बाबांना एक कथा आठवत होती, नावात 'दऱ्या' होतं, वर्ष आठवत नाही. ग्रेप (फाईलमध्ये शब्द शोधणारी कमांड) म्हणतंय नाही. एफझेडएफमध्ये (टाईप करता करता जुळणाऱ्या ओळी दाखवणारं टूल) 'खोरी' टाकल्यावर मात्र ओळ समोर, 'दऱ्या आणि खोरी'! डोळ्यांना शब्द अगदी सारखा, पण हेक्सडंप (अक्षरांमागचे बाईट दाखवणारी यादी) काढला तर माझ्या कीबोर्डवरून ऱ जातो आणि ओसीआरमध्ये साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक आलाय. युनिकोडचं एनएफसी (तेच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे साठवलं असेल तर एकसारखं करणं) केलं तरी हे जुळत नाही, सेडने स्वतः बदलावं लागतं. बदलल्यावर आणखी १४ ओळी सापडल्या ज्या आधी शोधात येतच नव्हत्या. ही पायरी आता सारख्या ओळी एकत्र करणाऱ्या युनिक कमांडच्या आधी टाकलीये, नाहीतर तोच लेखक दोनदा मोजला जातो.

कथा १९७४ च्या अंकात आहे, पान ११२. बाबांनी चष्मा काढून पुन्हा लावला आणि ती तिथेच बसून वाचली, मी त्या दिवशी पुढे काहीच केलं नाही.

राहिलंय ते सॉर्टचं, म्हणजे ओळींचा क्रम लावायचं. एलसी-ऑल सी (अक्षरांच्या क्रमांकांप्रमाणे क्रम लावणारं सेटिंग) लावलं की ळ येतो ल नंतर, कारण युनिकोडमध्ये तो तिथे बसवलाय, आणि मला हवाय ह नंतर, शब्दकोशात असतो तसा. सध्या सॉर्टच्या आधी ळ च्या जागी एक न वापरलं जाणारं चिन्ह घालते आणि नंतर परत बदलते. चालतंय, पण कुणी यापेक्षा सरळ पद्धत वापरत असेल तर सांगा, ५५ अंक अजून बाकी आहेत.