ब्रूलमध्ये पालथं उडताना

छोट्या जागेत मावणारा फ्लाइंग कोस्टर म्हटलं की रोलर कोस्टरवेड्यांमध्ये लगेच दोन तट पडतात. असा एखादा नवा आराखडा समोर आला की पहिला तट उंची, लांबी आणि वेग एवढंच बघतो आणि "हे लहान मुलांचं आहे" म्हणून मोकळा होतो. दुसरा तट म्हणतो, आधी बसून तर बघा. मी आता पक्की दुसऱ्या तटात आहे, आणि मला तिथे नेलं जर्मनीतल्या ब्रूल नावाच्या गावानं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लाइंग कोस्टरमध्ये आपण बसलेले नसतो, पालथे असतो. ट्रॅक आपल्या पाठीच्या वर, तोंड जमिनीकडे, हात मोकळे. बाकीच्या कोस्टरवर समोर ट्रॅक दिसतो आणि आता वळण येणार हे कळतं. इथे समोर काहीच नसतं. असते ती फक्त खालून पळणारी जमीन.

मुक्काम कोलोनला होता. कॅथेड्रल, ऱ्हाइनचा काठ, म्युझियमं हे सगळं झालं आणि छान झालं. त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. कोलोनहून ब्रूलला लोकल गाडीनं जेमतेम पाव तास लागतो. स्टेशनसमोरच ऑगुस्टुसबुर्ग राजवाडा आहे, 1984 पासून जागतिक वारशाच्या यादीतला. नवऱ्याचा जीव त्यात अडकला होता, माझा पुढच्या बसमध्ये. शेवटी राजवाडा परतीच्या वाटेवर बघायचा असं ठरलं आणि आम्ही फँटाझियालँड या मनोरंजन बागेच्या दारात उभे राहिलो.

ही बाग 1967 पासूनची. जागा मात्र मोठ्या बागांच्या मानानं अगदीच कमी. आजूबाजूला लोकांची घरं, एका बाजूला राखीव निसर्ग, वर उंचीचं बंधन. पसरायला वाव नाही आणि चढायलाही नाही. मग यांनी काय केलं? जमीन खणली आणि एकाच जागेत दोन-तीन गोष्टी एकमेकींत गुंफल्या. 2006 चा ब्लॅक माम्बा हा कोस्टर खड्ड्यांतून आणि भिंतींमधून जातो. 2016 चा तारोन दगडी गावाच्या पोटात शिरून स्वतःच्याच ट्रॅकला वरून-खालून छेदत राहतो. अमेरिकेतल्या मोठ्या बागांमध्ये मोकळ्या मैदानात उभे केलेले कोस्टर पाहिले की मला आता ते उघडे-बोडके वाटतात, ते या बागेमुळेच.

आणि मग रुकबुर्ग. हा भाग 2020 च्या सप्टेंबरात उघडला. विटांच्या भिंती, लोखंडी कमानी, तांब्याचे पाइप आणि धुरकट दिवे असलेलं एक काल्पनिक शहर. त्यात हॉटेल, चॉकलेटचं दुकान, खाण्याची जागा, अरुंद गल्ल्या, आणि या सगळ्याच्या वरून, खालून, मधून एफ. एल. वाय. नावाचा फ्लाइंग कोस्टर. व्हेकोमा या डच कंपनीनं बनवलेला, 1,236 मीटर लांबीचा, जगातला सर्वांत लांब फ्लाइंग कोस्टर. त्याआधीचा सर्वांत लांब होता जपानच्या ओसाकामधला फ्लाइंग डायनासोर, 1,124 मीटरचा. लांबी आणि जागा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत हे रुकबुर्गच्या चौकात उभं राहिल्यावर कळतं. एवढा ट्रॅक इथे कुठे दडलाय हे शोधतच राहावं लागतं.

रांगेत शिरण्याआधी खिशातलं सगळं लॉकरमध्ये ठेवावं लागतं. फोन नाही, नाणी नाहीत, किल्ल्या नाहीत, आणि पुढे मेटल डिटेक्टरमधून जावं लागतं. कारण उघड आहे. माणसं पालथी, आणि खाली गल्लीत इतर माणसं चालतायत. मला हा नियम फार आवडला, एका वेगळ्याच कारणासाठी. रांगेत कुणाच्याच हातात फोन नाही म्हटल्यावर लोक एकमेकांशी बोलायला लागतात.

माझ्या पुढे एक बेल्जियन काका होते, सत्तरीकडे झुकलेले, आणि मागे दोघी डच बहिणी. काका तरुणपणापासून कोस्टरसाठी देशोदेशी हिंडलेले. बहिणी वास्तुकलेच्या विद्यार्थिनी. विषय अर्थातच तो, छोट्या जागेतले फ्लाइंग कोस्टर. काकांचं म्हणणं ठाम होतं: फ्लाइंग कोस्टरला उंची हवीच. त्यांचा दाखला होता कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन या बागेचा तात्सू, 2006 चा, डोंगराच्या उतारावर उभा असलेला. त्यातला तो प्रचंड प्रेट्झेल लूप, जिथे माणूस डोकं खाली करून सूर मारतो आणि तळाशी उताणा होऊन पाठीवर सगळं वजन झेलतो, त्याला तोड नाही असं ते म्हणाले. धाकटी बहीण म्हणाली, पण तो एक लूप सोडला तर बाकी काय आठवतं तुम्हाला? काका थोडे थांबले आणि म्हणाले, दरी आठवते.

मग इतिहासच निघाला. 1997 साली मँचेस्टरला आलेला स्कायट्रॅक, एकेका माणसाला एकेक गाडी, आत शिरायचं शिडी चढल्यासारखं. 2000 साली व्हेकोमाचाच स्टेल्थ, कॅलिफोर्नियात. त्यात माणसं उताणी होऊन मागे तोंड करून वर जायची आणि वरच्या टोकाला ट्रॅक पिळला की पालथी व्हायची. 2002 मध्ये इंग्लंडच्या आल्टन टॉवर्स या बागेतला एअर, आताचं नाव गॅलॅक्टिका. तिथेही उंचीचं बंधन, त्यामुळे झाडांच्या शेंड्यांखाली राहून खंदकात उतरणारा. काकांना तो आवडला नव्हता, थोरल्या बहिणीला तो जगातला सर्वांत सुंदर वाटत होता. आणि त्याच सुमारास इटलीच्या झाम्पेर्ला कंपनीनं काढलेला चिमुकला नमुना, गोल फिरत वर नेणारी लिफ्ट आणि एका गाडीत शेजारीशेजारी चार माणसं. "आटोपशीर फ्लाइंग कोस्टर" म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर तोच येतो, आणि म्हणूनच नव्या आराखड्यांना आधीच नाकं मुरडली जातात.

त्या रांगेत वेळ कसा गेला मला कळलं नाही. आमची पाळी आली.

आता जे सांगतेय त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

फलाटावर गाडी येते तेव्हा आसनं आडवी असतात, म्हणजे प्रवासाच्या दिशेला काटकोनात. आपण बाकावर बसावं तसं सरळ, दोघं दोघं शेजारी बसतो. खांद्यांवरून मऊ जाकीट येतं, पायांना आधार मिळतो. लटकणं नाही, चढणं नाही, पाठीवर लोटून देणं नाही. गाडी हळूच निघते आणि अंधारात शिरते. दिवे, धूर, संगीत. आणि मग आसन वळायला लागतं. इतकं सावकाश, की वळतंय आसन की भोवतालच्या भिंती, हे काही क्षण ठरेना. आधी तोंड पुढे झालं. मग पाठीला असलेला आधार मागे न राहता वर गेला, पोटाखालची जमीन नाहीशी झाली, आणि माझ्या लक्षात आलं की मी पालथी आहे. कुणी मला पालथं केलं नव्हतं, मी होत गेले होते. शेजारी थोरली बहीण होती. ती नुसतं "ओ" म्हणाली आणि गप्प झाली.

मी इतर फ्लाइंग कोस्टरवर बसलेय. तिथे फलाटावरच मागून आसन उचललं जातं, आणि सुटायची वाट बघत टांगून राहावं लागतं. मग साखळीवर खडखडत वर. त्या वेळात छाती अवघडते, मान अवघडते, उडण्याची सगळी हौस फिटते. इथे पालथं झालो आणि लगेच लाँच. साखळी नाही, थांबणं नाही. चुंबकांनी ढकललेली गाडी अंधारातून बाहेर पडली आणि रुकबुर्ग माझ्या नाकाखाली होतं. विटांची भिंत हाताच्या अंतरावर वाटावी इतकी जवळ. पूल आला, आम्ही त्याच्याखालून गेलो. गल्लीतली माणसं, त्यांच्या टोप्या, एका मुलाच्या हातातलं आइसक्रीम, सगळं स्पष्ट. मग एक पूर्ण गिरकी, क्षणभर ढग, पुन्हा विटा. मध्येच दुसरा लाँच, आणि परत तेच शहर वेगळ्या बाजूनं. वेग ताशी 78 किलोमीटर. कोस्टरच्या यादीत हा आकडा कुणी दुसऱ्यांदा वाचणार नाही.

मला रडू आलं. घाबरून नव्हे. लहानपणी स्वप्नात आपण ज्या उंचीवरून उडतो, घरांच्या छपरांना खेटून, ओळखीच्या गल्लीवरून, ती उंची मला इथे पहिल्यांदा मिळाली. स्वप्नात कुणी दरीवरून उडत नाही. विमानातून खाली बघताना जमीन जशी रेंगाळत सरकते तशी ती उंच कोस्टरवरूनही सरकते, कारण ती दूर असते. वेग जाणवायचा तर शेजारी काहीतरी असावं लागतं. फ्लाइंग कोस्टरमध्ये तर ते खाली असावं लागतं, कारण आपल्याला खालीच दिसतं. उतरल्यावर काकांना हेच सांगायचा मी प्रयत्न केला. ते ऐकत होते, डोळे त्यांचेही ओले होते, पण म्हणाले की हा छोटा कोस्टर नाहीच, हा लांब कोस्टर दाटीत बसवलाय. खूप खर्च, खूप शहाणपण. छोट्या बागेला हे परवडणारं नाही.

खाली नवरा उभा होता. त्याला कोस्टर सोसत नाहीत. तो म्हणाला, "अगं, मला तुझे फक्त हात दिसले, डोक्यावरून गेलीस." रुकबुर्गमध्ये न बसणाऱ्यालाही काहीतरी मिळतं, आणि हे मला तितकंच मोलाचं वाटतं. मोठ्या बागांमध्ये सोबतचा माणूस बाकावर ताटकळतो. इथे तो त्याच दृश्यात असतो.

आता तक्रार. याच प्रवासात, दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या एका बागेत मी एका जुन्या, खरोखर छोट्या फ्लाइंग कोस्टरवर बसले होते. पिंजऱ्यासारख्या गाडीत पुढे वाकून उभं राहायचं, मागून दार बंद व्हायचं आणि मग आडवं केलं जायचं. छातीखालची गादी कडक, वळणं आखूड आणि तुटक, प्रत्येक वळणाला खांदा कडेला आपटत होता. उतरले तेव्हा कॉलरबोन ठणकत होतं आणि ते पुढचे काही दिवस ठणकत राहिलं. सोबत उतरलेल्या मुलीनं रागानं म्हटलं, छोट्या जागेत हे असंच होणार. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि ब्रूलनंतर तर अजिबात पटत नाही. दुखलं ते जागा कमी होती म्हणून नव्हे. पालथ्या माणसाचं वजन छाती, मांड्या आणि पोटऱ्यांवर नीट वाटलेलं नव्हतं म्हणून दुखलं. ट्रॅक सरळमधून वळणात हळूहळू न शिरता एकदम शिरत होता म्हणून दुखलं. गेल्या वीस वर्षांत ट्रॅक आखण्याचं आणि घडवण्याचं तंत्र इतकं बदललंय, की आखूड वळणही आता लोण्यासारखं घेता येतं. म्हणून नवा आटोपशीर आराखडा दिसला की मी उंचीचा आकडा बघत नाही. माणूस पालथा कसा होतो, कुठे होतो, छातीला काय आधार आहे आणि त्याच्या खालून काय जातं, हे बघते. खाली नुसतं डांबर आणि कुंपण असेल तर मीही नाक मुरडेन.

काकांचा एक मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. छोट्या कोस्टरवर गाड्या लहान, माणसं कमी, आणि प्रत्येकाला बांधून पालथं करायला वेळ तेवढाच. तासाला जेमतेम काहीशे लोक, बाहेर रांग वळसे घालत गेलेली. फ्लाइंग प्रकारात चढवण्या-उतरवण्याचा वेळ हाच कायमचा घोर आहे, आणि तो सोडवल्याशिवाय छोट्या बागेनं असा कोस्टर घेऊ नये असं ते म्हणाले. धाकट्या बहिणीनं तिथेच बाकावर बसून बोटानं आकृती काढून दाखवली: चढायचा फलाट वेगळा, उतरायचा वेगळा, आणि पालथं करायचं काम इथल्यासारखं चालत्या गाडीत, म्हणजे फलाट अडत नाही. काकांनी ती आकृती बराच वेळ तपासली, दोन शंका काढल्या, तिनं एकीचं उत्तर दिलं. मग आम्ही चौघं पुन्हा रांगेकडे निघालो, आणि नवरा राजवाडा बघायला गेला.