प्रेमासारखं

नवी पेठेत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. मी तिथे ऑडिओबुकांचं दिग्दर्शन करते. काचेच्या अलीकडे बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि संहितेवर पेन्सिलीनं खुणा करत दिवसभर ऐकायचं, हे माझं काम. गेल्या पावसाळ्यातला एक दिवस अजून मनातून जात नाही.

‘कार्मिला’च्या मराठी अनुवादाचं रेकॉर्डिंग चालू होतं. शेरिडन ल फानू या आयरिश लेखकाची ही छोटी कादंबरी १८७१-७२ मध्ये मासिकातून क्रमशः आली, ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षं आधी. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात एका आडबाजूच्या गढीत लॉरा वडिलांसोबत राहते. गढीसमोर एक घोडागाडी उलटते आणि तिच्यातली तरुण मुलगी तीन महिन्यांसाठी पाहुणी म्हणून घरात येते. हीच कार्मिला. लॉरावर ती जीव टाकते आणि रात्री तिचंच रक्त पिते.

वाचायला ताई होत्या. सगळं आयुष्य रंगभूमीवर गेलेलं, वय साठीच्या पुढे. सदाशिव पेठेतून रिक्षानं यायच्या, पर्समध्ये ज्येष्ठमधाची काडी आणि सोबत कोमट पाण्याचा थर्मास. काम संपेपर्यंत दुधाचा चहा घ्यायच्या नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, “अगं, लॉराचं वय काय धरायचं?”

“एकोणीस,” मी म्हटलं.

“ते घडलं तेव्हाचं. सांगतेय कधी?”

मी संहिता चाळली. सुरुवातीला लॉरा म्हणते, त्याला आठ वर्षं झाली. पुढे तीच म्हणते, दहापेक्षा जास्त वर्षं लोटली, लिहिताना हात थरथरतोय. बहुधा लेखकाच्या हातून राहून गेलेली विसंगती. ताई म्हणाल्या, “राहू दे. आठवणीत वर्षं अशीच मागेपुढे होतात.” मग त्यांनी प्रस्तावनेवर बोट ठेवलं. हे कागद छापले जात असताना लॉरा हयात नाही, असं तिथे लिहिलेलं आहे. “म्हणजे मी गेलेल्या बाईचा आवाज देतेय,” त्या म्हणाल्या, आणि पाण्याचा घोट घेऊन कामाला बसल्या.

तो चौथा दिवस होता. सकाळपासून पाऊस होता आणि मागच्या पत्र्यावरचा आवाज माईकमध्ये येत होता, म्हणून आम्ही थांबत थांबत वाचत होतो. बाराच्या सुमारास ज्यांनी काम दिलं होतं त्यांच्याकडून फोन आला. त्यांनी आधीची प्रकरणं ऐकली होती. दोघींचं नातं मैत्रिणींचंच वाटलं पाहिजे, गालाला ओठ लावण्याची वाक्यं हलकी करा आणि जिथे ‘प्रेम’ आहे तिथे ‘माया’ घाला, असं त्यांचं म्हणणं. पाचच मिनिटांनी त्यांच्याच जाहिरात विभागातून दुसरा फोन. दोन स्त्रियांची प्रेमकथा म्हणूनच पुस्तक विकायचं आहे, तेव्हा सगळं जास्त उत्कट होऊ द्या.

मला दोघांचाही राग आला. कारण लॉरा स्वतः काय सांगते? कार्मिलाबद्दल आपल्याला भक्तीपर्यंत वाढत जाणारं प्रेम वाटत होतं आणि त्याच वेळी तिची किळसही येत होती. हे परस्परविरोधी आहे हे कळतं, पण याहून वेगळं सांगता येत नाही. तिला खरोखर काही समजत नाहीये. एकदा तर तिच्या मनात येतं, हा कुणी मुलगाच तर नसेल, वेषांतर करून प्रेम करायला आलेला? सहा वर्षांची असताना एका रात्री तिला एक अनुभव आलेला असतो, स्वप्नासारखा, पण ते स्वप्न नव्हतं असं ती म्हणते. एक सुंदर बाई पलंगाशी येते, थोपटते, शेजारी निजून कुशीत घेते, आणि मग छातीत दोन सुया घुसल्यासारखं होऊन ती किंचाळून उठते. थोपटणारा हात आणि टोचणारा दात तिला पहिल्यापासून एकत्रच भेटलेले आहेत. त्यातलं एक काढून टाकलं तर पुस्तक उरत नाही.

आपल्याकडे पिशाच कमी नाहीत. रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला ‘व्हँपायर’च केलं. पण आपला वेताळ विक्रमाच्या पाठीवर बसून कोडी घालतो, राजाच्या प्रेमात पडत नाही. म्हणून ‘वेताळीण’, ‘हडळ’ हे शब्द अनुवादकांनी घेतले नाहीत, ते मला पटलं. ‘हडळ’ म्हटलं की निकाल लागलाच. मग लॉराच्या गोंधळाला जागा कुठे?

दुपारी ते वाक्य आलं. कार्मिला लॉराला जवळ ओढते, गालाला ओठ लावते आणि जवळजवळ हुंदके देत म्हणते, “तू माझी आहेस, तू माझीच होशील, तू आणि मी कायमच्या एक.”

ताईंनी पहिला टेक धमकीसारखा दिला. अंगावर काटा आला, पण ही कार्मिला लॉराला फसवू शकली नसती. दुसरा टेक शुद्ध शृंगाराचा. मग रानरक्षकाच्या मुलीची प्रेतयात्रा जाताना “खेडुतांची मी पर्वा करत नाही” म्हणणारी कार्मिला कुठे गेली? तिसरा टेक तापात बरळल्यासारखा. चांगला होता, पण कोरडा. मी टॉकबॅक, म्हणजे काचेपलीकडे बोलायचं बटण, दाबून म्हटलं, “ताई, पुढचं वाचून मग इकडे परत येऊ या का?”

त्या पानं उलटत शेवटच्या प्रकरणापर्यंत गेल्या आणि मनात वाचू लागल्या. व्हँपायर कसा वागतो याची माहिती तिथे लॉरा शेवटी देते. इतरांकडे तो थेट जातो, जीव घेतो, संपलं. पण एखाद्या व्यक्तीकडे तो प्रेमासारख्या आवेगानं ओढला जातो. मग धीर धरतो, आर्जवं करतो, आणि समोरच्याकडून सहानुभूती, संमती असं काहीतरी त्याला हवं असतं.

“प्रेमासारख्या,” ताई मोठ्यानं म्हणाल्या. “प्रेमाच्या नव्हे. हे ‘सारख्या’ कुणी खोडायचं नाही हां. तुझ्या त्या फोनवाल्यांनीही नाही.” मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाल्या, “मी मघापासून कार्मिला वाचतेय, तिथेच चुकतंय. कार्मिला इथे बोलतच नाहीये. तिचं बोलणं लॉराला आठवतंय. इतक्या वर्षांनी, सगळं कळल्यावर, ती थडग्यात रक्तात सापडली हे माहीत असताना. तरी शब्द न् शब्द पाठ आहे हिला.”

चौथ्या टेकला त्यांनी आवाज वाढवला नाही. वाक्याच्या आधी फक्त एक श्वास घेतला, जिना चढून आलेलं माणूस दारात थांबून घेतं तसा, आणि तीन तुकडे सपाट, हळू, कुणाचं तरी पत्र वाचावं तसे म्हटले. रेकॉर्डिस्ट मुलगा पुढच्या खुणेला हात न लावता नुसता बसून राहिला.

संध्याकाळी एडिट करताना मी सवयीनं तो श्वास काढला. आम्ही मोठे श्वास काढतोच, आणि त्या जागी रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीची शांतता भरतो. परत ऐकलं. वाक्य स्वच्छ झालं होतं आणि नुसती कार्मिला बोलत होती. लॉरा गेली होती. मी श्वास परत ठेवला. काम देणाऱ्यांना कळवलं की एकही शब्द बदलणार नाही, हवं तर माझं नाव काढा. नाव राहिलं. पुस्तकावर काय छापलं ते मी पाहिलं नाही.

पण त्या दिवशी निघण्याआधी ताईंनी हट्टानं शेवटचा परिच्छेदही करून घेतला, आवाज त्याच जागी असताना. कार्मिलाला मारून, जाळून झालेलं आहे. लॉरा लिहिते की ती आजही दोन रूपांत आठवते, कधी खेळकर, अलवार मुलगी, कधी त्या पडक्या चर्चमधलं तळमळणारं पिशाच. आणि विचारांत हरवलेली असताना कितीदा दचकून वाटतं की दिवाणखान्याच्या दाराशी कार्मिलाचं हलकं पाऊल वाजलं.

पाऊस तोवर थांबला होता. ताईंनी हेडफोन काढला नाही. काचेपलीकडून मला म्हणाल्या, “रूम टोन राहिलाय ना? घे आता.” पंखे बंद होते. मुलानं बटण दाबलं, आणि अर्धा मिनिट आम्ही तिघंही जागचे हललो नाही.