सिस्टीममध्ये दिसतंय

"काका, तुमच्या ट्रॅक्टरचा विमा पुढच्या महिन्यात संपतोय ना?"

अमळनेर स्टँडवर आप्पांचा फोन स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं. पोरीला आप्पांचं पूर्ण नाव, गाडी नंबर, कर्ज कुठल्या शाखेचं, सगळं तोंडपाठ.

मी फोन घेतला. "ताई, ही माहिती तुम्हाला दिली कोणी?"

"सर, सिस्टीममध्ये दिसतंय."

"पण सिस्टीममध्ये घातली कोणी?"

"ते आम्हाला दिसत नाही, सर." आणि मग घोकल्यासारखं, "हा कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होत आहे."

म्हणजे आमचं सगळं त्यांना दिसतं, त्यांचं काहीच कोणाला दिसत नाही.

पोरीवर राग नाही. टार्गेट असतं, समोर यादी असते. आप्पा तर म्हणाले, "पोर चांगली व्हती." घ्या!

फोन साध्या दहा आकडी मोबाइलवरून होता. खरं तर जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर आपली माहिती कोणाकोणाला दिली, हे कंपनीला विचारायचा हक्कही आहे. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, पण कंपन्यांना बहुतेक गोष्टींसाठी १८ महिन्यांची मुदत. तोवर आप्पांचा गाडी नंबर फिरणार गावोगाव.

नकोशा कॉलच्या तक्रारीसाठी असलेल्या १९०९ नंबरवर तक्रार टाकलीय. "नंबर कुठून मिळाला?" याचं सरळ उत्तर तुमच्यापैकी कोणाला कधी मिळालंय का?