मार्शल आणि कोलन: जादूच्या जुन्या जाहिराती बघायला मिशिगनमध्ये

शिकागोहून आय-९४ महामार्गाने पूर्वेला निघालं की तीनेक तासांत मिशिगन राज्यातलं मार्शल गाव येतं. मिशिगनचं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे. त्यामुळे सकाळी आठला निघालात तर पोचेपर्यंत तिथे बारा वाजतात, आणि दिवस आखताना हा तास हमखास विसरला जातो. रेल्वेने यायचं तर बॅटल क्रीकला उतरा, तिथून वीसेक किलोमीटर गाडी करावी लागते.

गावाच्या मुख्य रस्त्यावर एका जुन्या इमारतीत ‘अमेरिकन म्युझियम ऑफ मॅजिक’ आहे. रॉबर्ट आणि इलेन लुंड या दांपत्याने ते १ एप्रिल १९७८ रोजी सुरू केलं. हूदिनी, थर्स्टन अशा बड्या जादूगारांची नावं इथे आहेतच. पण मला या संग्रहाचं मोल वाटतं ते गावोगाव छोटे खेळ करत फिरलेल्या, आज कुणाच्याही लक्षात नसलेल्या जादूगारांच्या कागदांमुळे. नामवंताचं पोस्टर कुणी ना कुणी ठेवतंच. लहान जादूगाराच्या बाबतीत मात्र एखादं हँडबिल हाच त्याच्या उभ्या आयुष्याचा उरलेला पुरावा असू शकतो. आपल्याकडेही जादूगार रघुवीर यांच्या प्रयोगाचं पत्रक किंवा जत्रेतल्या तंबूची जाहिरात कुणाच्या ट्रंकेत असेल, तर रद्दीत घालण्याआधी थांबा.

पोस्टर बघताना चित्राआधी खालची कड बघावी. थर्स्टनच्या आधीचा नामवंत जादूगार केलर, त्याच्या पोस्टरवर त्याच्या खांद्यावर बसून कानात कुजबुजणारे लाल सैतान सगळ्यांना आठवतात, पण ते सिनसिनाटीच्या स्ट्रोब्रिज कंपनीने छापले हे कडेच्या बारीक ओळीत असतं. तीच ओळ पुढे कुणी फ्रेमसाठी कापून टाकतं. मजकूरही काळ सांगतो. केलरने १९०८ साली आपला वारसा थर्स्टनकडे सोपवला, म्हणून ‘केलरचा वारस’ असं लिहिलेलं थर्स्टनचं पोस्टर त्याआधीचं असणं कठीण.

अस्सल की नक्कल, हे दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली कळतं. दगडावरच्या लिथोग्राफीत रंगाचे कण ओबडधोबड दिसतात, खडू फिरवल्यासारखे. ऑफसेटच्या, म्हणजे अलीकडच्या यंत्रछपाईच्या नकलेत बारीक ठिपक्यांची एकसारखी फुलं दिसतात. चेहऱ्याच्या गालावर भिंग धरा, तिथे हा फरक सगळ्यात स्पष्ट असतो.

अमेरिकन जादूगार कार्टरची पोस्टरं बाजारात त्या मानाने बरीच दिसतात, कारण न वापरलेला मोठा साठा मागे राहिला होता. क्लीव्हलँडच्या ओटिस लिथोग्राफ कंपनीची ही छपाई. हा कार्टर १९३६ साली दौऱ्यावर असताना मुंबईत वारला. आपल्याकडच्या संग्राहकाने त्याच्या खेळांची मुंबईतली छापील पत्रकं शोधावीत, असं मला फार वाटतं.

आता जपणुकीचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल असतं, म्हणून तो पिवळा पडून घडीवर तुटतो. गुंडाळी झालेला कागद जोर लावून उघडला की तडे जातात. आधी त्याला दमटपणा द्यायचा. झाकणाच्या मोठ्या प्लास्टिक डब्यात तळाला ओला टीपकागद ठेवा, त्यावर पाण्याला न टेकेल अशी जाळी, आणि जाळीवर कागद. दोन ते सहा तासांत तो सैल पडतो. दर अर्ध्या तासाने बघत राहा आणि रात्रभर तसाच सोडू नका, बुरशी धरते. मग दोन कोरड्या टीपकागदांमध्ये घालून वर सपाट वजन, पहिल्या तासात टीपकागद बदलायचे, आणि एक दिवस हात लावायचा नाही. त्याआधी शाईची परीक्षा हवीच. शाई असलेल्या एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून टीपकागदाने टिपा. रंग उतरला तर हा उपाय त्या कागदाला नाही. जांभळ्या रबरी शिक्क्यांची शाई बहुधा पसरते.

फाटलेल्या जागी चिकटपट्टी कधीही नको. तिचा गोंद काही वर्षांत कागदात मुरून तपकिरी डाग पाडतो. लॅमिनेशन त्याहून वाईट, कारण ते उलटवता येत नाही. पातळ जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची खळ हाच खरा उपाय. कुरडयांसाठी चीक काढतो त्याच जातीचा हा पदार्थ, फक्त शुद्ध केलेला विकत घ्यावा. कणकेच्या खळीत ग्लुटेन राहतं आणि कसर तिच्यावर तुटून पडते. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळायचं, आणि गार झाल्यावर चाळणीतून दोनदा काढायचं. पट्टी कापू नका, पाण्याची रेघ ओढून फाडा. तिचे निघालेले तंतूच सांधा धरून ठेवतात.

ठेवायला पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं घ्या, आणि मागे आम्लविरहित, अल्कधर्मी कागद घाला. चारही बाजू सील केल्या तर आम्ल आत कोंडून कागद उलट लवकर खराब होतो. एक-दोन कडा मोकळ्या ठेवा. मुंबई-कोकणात आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला वाट मोकळी, तेव्हा कपाटात आर्द्रतामापक ठेवा आणि सिलिका जेल वरचेवर वाळवत राहा. डांबरगोळ्या मात्र नकोत.

मार्शलहून नैर्ऋत्येला कोलन आहे, तासाभराच्या आतलं. जादूगार हॅरी ब्लॅकस्टोन इथे राहिला, आणि पर्सी ॲबटच्या १९३४ पासूनच्या जादूच्या सामानाच्या दुकानामुळे हे खेडं जादूचं गाव झालं. दुकान काळ्या रंगाचं, भिंतींवर पांढरे सांगाडे. दर ऑगस्टमध्ये जादूगारांचा मेळा भरतो, आणि अशा वेळी जुन्या कागदांची देवघेवही होते. नवशिक्याने विंडो कार्डपासून, म्हणजे दुकानाच्या खिडकीत लावायच्या जाहिरातीपासून सुरुवात करावी. १४ बाय २२ इंचांचा जाड पुठ्ठा, वर नाट्यगृहाचं नाव आणि तारीख छापायला कोरी जागा. ती जागा भरलेली असेल तर तोच घ्या. कोऱ्यापेक्षा खेळ कुठे आणि केव्हा झाला हे सांगणारा पुठ्ठा अधिक बोलतो.

परतताना पुठ्ठे दोन सपाट तक्त्यांमध्ये बांधा. पोस्टर चार इंची नळीच्या आत कोंबू नका, नळीवर बाहेरून गुंडाळा, मग वर आम्लविरहित कागद आणि प्लास्टिक. ऑगस्टमध्ये मुंबईला उतराल तेव्हा भर पावसाळा असेल आणि विमानातून आलेलं सामान गार असेल. गुंडाळी लगेच सोडली तर कागदावर दव धरतं. तशीच बंद, घरात चोवीस तास ठेवा, आणि मग उघडा.