खिडकीवर वारा किती किलोने बसतो ते एकदा काढून बघा

खिडकी बसवायची वेळ आली की घरमालक दोनच गोष्टी विचारतो, काच किती एमएमची अन् फुटाला भाव काय. वाऱ्याचं कोणी विचारतच नाही. मी नागपूरजवळच्या उमरेडच्या बाजूला घरांचे नकाशे काढतो, साइटवरही असतो, आणि हा विषय काढला की मिस्त्री म्हणतात, "आपल्या इकडे समुद्र आहे का जी?"

तर बघा, वाऱ्यासाठी आपल्या देशाचं जे कोड, म्हणजे बांधकामाची नियमावली आहे, आयएस ८७५ भाग ३, २०१५ चं, त्यात वाऱ्याचा मूळ वेग मुंबईला सेकंदाला ४४ मीटर दिलाय आणि नागपूरलाही ४४ च. पुण्याला ३९. समुद्र नसला म्हणून काय झालं, मे महिन्यात दुपारभर तापतं अन् चार वाजता जे वावधन सुटतं ते इथल्या प्रत्येकाने पाहिलंय. ४४ मीटर म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर. हा दिवसभराचा वारा नव्हे, ३ सेकंदांचा झोत, मोकळ्या जागेत १० मीटर उंचीवरचा, कुठल्याही एका वर्षात येण्याची शक्यता साधारण २ टक्के.

आता हिशोब. मूळ वेगाला काही गुणक लावायचे, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे जागा कशी आहे तो. गावाच्या मधोमध, चारी बाजूंनी घरं असतील तर ०.९१ चालतो, पण वावरात घर बांधलं असेल तर पूर्ण १, कारण कपाशी-तूर निघाली की नजर पोचेल तिथपर्यंत वाऱ्याला अडवायला काहीच नसतं, धुऱ्यावरची दोन बाभळी सोडून. ०.९१ वाचून फरक किरकोळ वाटतो पण दाब वेगाच्या वर्गावर जातो, म्हणून तो १७ टक्क्यांनी उतरतो. दाब काढायचा तर वेगाचा वर्ग गुणिले ०.६, म्हणजे ४४ चा वर्ग १९३६, त्याचे झाले ११६२ न्यूटन दर चौरस मीटरला (साधारण १० न्यूटन म्हणजे एक किलोचा भार), आणि वारा दर वेळी सगळ्यात वाईट दिशेनेच येत नाही म्हणून दिशेचा ०.९ लावला की १०४५.

इथं बरेच जण थांबतात आणि मला वाटतं खरं गणित इथून पुढेच आहे. वारा समोरच्या भिंतीला ढकलतो, पण बाजूच्या भिंतींवरून सरकताना तो खिडकीला बाहेर ओढतो, आणि कोपऱ्याजवळ ही ओढ सगळ्यात जास्त. ठेंगण्या, जवळपास चौरस घराला समोरून ढकलणं त्या १०४५ च्या ०.७ पट आणि कोपऱ्यावर ओढ ०.८ पट. त्यात घरातला दाब मिळवा. एखादं दार उघडं राहिलं, भिंतीचा ५ ते २० टक्के भाग उघडा असला, की आतून ०.५ चा दाब येतो, म्हणजे कोपऱ्यातल्या खिडकीला आतून ढकलणं अन् बाहेरून ओढणं मिळून १.३. मग १.२ मीटर रुंद, १.५ मीटर उंच अशी आपली नेहमीची खिडकी धरा, तिच्यावर जवळपास २५० किलो. तेही बाहेरच्या बाजूला! समोरच्या भिंतीत असती तर २३० च्या आसपास, कारण तिथं बाहेरून ढकलणं ०.७ अन् आतून ओढ ०.५ धरायची.

म्हणून मी काचेआधी स्क्रू बघतो. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमची चौकट बहुतेक वेळा प्लास्टर झाल्यावर बसवतात, भोक पाडून प्लास्टिकचा प्लग ठोकतात, आणि तो प्लग कधी कधी नुसत्या प्लास्टरमध्येच असतो, विटेपर्यंत पोचतच नाही, वरून सिलिकॉन फिरवलं की दिसायला एक नंबर. ती २५० किलोची ओढ त्या प्लगांवरच येते.

दुसरी जागा म्हणजे स्लायडिंगच्या दोन पल्ल्यांमधली उभी पट्टी, इंटरलॉक. खिडकीवरचा जवळपास अर्धा भार तिच्यावर असतो, आणि वाकणं उंचीच्या चौथ्या घातावर जातं, तेव्हा ४ फुटांची खिडकी ५ फुटांची केली की तीच पट्टी जवळपास अडीचपट वाकणार. अ‍ॅल्युमिनियम तसंही लोखंडाच्या एक तृतीयांशच ताठ. पट्टी वाकली की पल्ला ट्रॅकमधून निसटतो, काच शाबूत राहते अन् अख्खा पल्ला अंगणात. टफन, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच लावली तर काच सहज फुटत नाही हे खरंय, पण वाकायला ती साध्या काचेएवढीच वाकते आणि इंटरलॉकला तिचा काडीचाही उपयोग नाही.

आणि आपल्याकडे वर टिनं असतात हो! वाऱ्याच्या बाजूची एक खिडकी गेली की त्या भिंतीतून वारा सरळ आत शिरतो, आतला दाब वाढतो आणि टिनांना खालून उचलतो, वरून ओढ असतेच. लोक टिनांवर दगड ठेवतात, अन् खिडकीचे स्क्रू मात्र कोणी मोजत नाही.

आता मी नकाशावरच लिहून देतो, चौकटीच्या प्रत्येक बाजूला किती स्क्रू, कितीवर कितीवर, प्लग विटेत किमान दोन इंच, आणि वावरातलं घर असेल तर ५ फुटी स्लायडिंगला जाड इंटरलॉक किंवा सरळ उघडणारे पल्ले. खर्च थोडा वाढतो, घरमालक कुरकुर करतात. मी त्यांच्यासमोर २५० चा हिशोब कागदावर मांडतो, सिमेंटच्या पाच गोण्या म्हणून सांगतो, मग बहुतेक जण तयार होतात.